आठ विनाशिका आणि एक पाणतीर

जगाच्या नकाशावर नेदरलँड्स शोधायला मुलांना वेळ लागतो. इंडोनेशिया चटकन सापडतो, कारण तो सुमारे ५००० किलोमीटर लांब पसरलेला आहे. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या चिमुकल्या देशाचे या प्रचंड द्वीपसमूहावर राज्य होते. ते राखायला चपळ पण खजिन्याला परवडतील अशा युद्धनौका हव्या होत्या. म्हणून १९२५ पासून डच नौदलाने एकाच धर्तीच्या आठ विनाशिका बांधायला घेतल्या. मूळ आराखडा यारो या ब्रिटिश कंपनीचा होता, बांधणी नेदरलँड्समधील. कोर्टेनार, एव्हर्टसेन, पीट हाइन अशी जुन्या दर्यावर्दी सेनानींची नावे त्यांना दिली होती. म्हणून हा 'अ‍ॅडमिरल वर्ग'.

प्रत्येक नौका ९८ मीटर लांब आणि सुमारे १३०० टनांची होती. वेग ३६ नॉट, म्हणजे ताशी ६७ किलोमीटर. एवढ्याशा नौकेत ३१,००० अश्वशक्तीची वाफेची टर्बाइने कशासाठी? पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती हवी; प्रत्यक्षात लाटांमुळे त्याहूनही जास्त. बॉयलर, टर्बाइने आणि इंधन यांतच नौकेचे बरेचसे वजन खर्ची पडे. जाड चिलखताला वाव उरत नसे. चार तोफा, सहा पाणतीरनळ्या आणि बेटांमागे डोकावायला एक लहान सागरी विमान एवढी सामग्री त्यांवर होती.

पाणतीर म्हणजे टॉर्पेडो, पाण्याखालून स्वतःच्या यंत्राने धावणारा स्फोटक बाण. पुढची हकिकत त्याचीच आहे.

१० मे १९४० रोजी जर्मन विमानांच्या हल्ल्यात व्हान गालेन ही विनाशिका रॉटरडॅमला बुडाली. उरलेल्या सात पूर्वेला होत्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य जावाच्या दिशेने सरकू लागले, आणि १५ ते १९ तारखांच्या पाच दिवसांत आणखी तीन गेल्या. एक खडकावर आदळली, एक विमानहल्ल्यात बुडाली आणि एक बालीजवळच्या रात्रीच्या लढाईत.

२७ फेब्रुवारीला रिअर अ‍ॅडमिरल कारेल डोरमन यांचा दोस्त राष्ट्रांचा ताफा जावा समुद्रात जपान्यांना भिडला. कोर्टेनारच्या बॉयलरमध्ये बिघाड होता. तिला पूर्ण वेग गाठता येत नव्हता. सायंकाळी पाचनंतर थोड्याच वेळात तिला पाणतीर लागला. ती मधोमध मोडली आणि पाहता पाहता बुडाली. ११३ जणांना एन्काउंटर या ब्रिटिश विनाशिकेने वाचवले. सुमारे चाळीस जण गेले.

जपानी नौका कित्येक किलोमीटर दूर होत्या. एवढ्या अंतरावरून पाणतीर येणे शक्य नाही, तेव्हा जवळपास पाणबुडी असावी, असा दोस्तांच्या ताफ्यात समज झाला.

उत्तर आपल्या शालेय रसायनशास्त्रात आहे. तेव्हाच्या नेहमीच्या पाणतीरात इंधन जाळायला दाबाखालची हवा भरत. हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के. बाकी बहुतेक नायट्रोजन. तो ज्वलनात भाग घेत नाही, पण टाकीतली जागा अडवतो. शिवाय तो पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे पाणतीरामागे बुडबुड्यांची रेघ उमटते. १९३३ च्या जपानी पाणतीरात हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन होता. त्याच आकारमानात, त्याच दाबाखाली जवळजवळ पाचपट ऑक्सिजन मावला. ज्वलनानंतर उरली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. वाफ थंड होऊन पाणीच होते, आणि कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा कितीतरी अधिक विरघळतो. माग जवळजवळ दिसेनासा झाला. पल्ला पूर्ण वेगात सुमारे २० किलोमीटर झाला, आणि स्फोटक होते जवळजवळ अर्धा टन.

मग इतरांनी हे का केले नाही? दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा जरासा अंशही पेट घेतो. जपानी तंत्रज्ञांनी नळ्या कसोशीने स्वच्छ ठेवल्या, त्यांतली तीक्ष्ण वळणे काढली आणि यंत्र आधी हवेवर सुरू करून हळूहळू ऑक्सिजन सोडला. तत्त्व कोणापासूनच लपलेले नव्हते. ते अंगी बाणवायला लागली ती चिकाटी.

त्याच रात्री डी रॉयटर आणि जावा या दोन डच क्रूझरही अशाच पाणतीरांनी बुडाल्या. डोरमन परतले नाहीत. १ मार्चला एव्हर्टसेन शत्रूच्या माऱ्यात सापडून किनाऱ्याला लागली. २ मार्चला उरलेल्या दोन विनाशिका सुराबाया बंदरात डच नौसैनिकांनी स्वतःच निकामी केल्या. आठांपैकी एकही उरली नाही.

या शतकाच्या आरंभी कोर्टेनारचे अवशेष पाणबुड्यांना सापडले. २०१६ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा त्यांचा मोठा भाग नाहीसा झालेला होता; दोन्ही क्रूझर तर जवळपास पूर्णच. भंगारासाठी बेकायदा धातू काढणाऱ्यांचे हे काम असावे असे मानले जाते. ते नुसते लोखंड नव्हते, बुडालेल्या माणसांचे दफनस्थान होते.

हवेतील वायूंची टक्केवारी आपण वर्गात दर वर्षी शिकवतो. त्या २१ च्या आकड्यापाशी यंदा कोर्टेनारची गोष्टही सांगावी.