दोन नागमोडी पट्ट्या

आमच्या धुळ्याच्या घरी बैठकीच्या खोलीत एक कृष्णधवल फोटो आहे. पांढरा गणवेश, दोन्ही खांद्यांवर काळे फलक. हे आजोबांचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना ‘कॅप्टनआबा’ म्हणतात. फोटोच्या मागे शाईनं लिहिलंय : मुंबई, १९४४.

खान्देशातून नौदलात कॅप्टन, म्हणजे कौतुकच. पण त्या कौतुकाला एक शेपूट होतं. लढाई संपली आणि आबा घरी परतले. भाऊबंदांत कुजबूज झाली, नेव्हीनं काढून टाकलं म्हणून. कुणी म्हणे, बंडात होते. कुणी म्हणे, काहीतरी भानगड केली असेल.

मागच्या दिवाळीत मी फोटो स्कॅन केला आणि लॅपटॉपवर मोठा करून बघत बसलो.

“काय दखी ऱ्हायना रे त्या फोटोमा?” आजीनं विचारलं.

“आबांचा खांदा,” मी म्हणालो.

नौदलात हुद्दा सोनेरी पट्ट्या मोजून कळतो. एक पट्टी सब-लेफ्टनंटची, दोन लेफ्टनंटच्या. दोन जाड पट्ट्यांमध्ये एक बारीक असेल तर लेफ्टनंट कमांडर. तीन कमांडरच्या आणि चार कॅप्टनच्या. सर्वांत वरच्या पट्टीला जो गोल वेढा असतो, त्याला पुष्कळ जण ‘नेल्सनची कडी’ म्हणतात. पण नेल्सन १८०५ मध्ये ट्राफल्गारला मारला गेला आणि ब्रिटिश नौदलात हा वेढा आला १८५६ मध्ये.

आबांच्या खांद्यावर पट्ट्या होत्या दोनच. म्हणजे आबा लेफ्टनंट होते. मला जरा वाईट वाटलं. मग लक्षात आलं की नौदलाचा लेफ्टनंट लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा असतो, आणि नौदलाचा कॅप्टन थेट कर्नलच्या. लष्कर माहीत असलेल्या कुणीतरी गावाला समजेल असा अर्थ सांगितला असणार. घरचे खोटं बोलत नव्हते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. आबांच्या पट्ट्या सरळ नव्हत्या, नागमोडी होत्या. रॉयल इंडियन नेव्हीत सरळ पट्ट्या कायम नोकरीतल्या अधिकाऱ्यांच्या. एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्या राखीव दलाच्या, म्हणजे व्यापारी जहाजांवरून आलेल्या खलाशी अधिकाऱ्यांच्या. आणि नागमोडी पट्ट्या स्वयंसेवक राखीव दलाच्या : युद्धासाठी नागरी आयुष्यातून आलेली माणसं. युद्ध संपल्यावर यातल्या बहुतेकांना घरी पाठवलं गेलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’वर सुरू झालेला उठाव तर मुख्यतः खालच्या हुद्द्यांच्या नौसैनिकांचा होता. त्यांच्या खांद्यावर असे फलक नसतच.

पुढे भारत प्रजासत्ताक झाला आणि नौदलाच्या चिन्हांवरचा ब्रिटिश मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गात नौदल दिन झाला, आणि त्याच महिन्यात अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांचे नवे खांदेफलक जाहीर झाले : सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार, दुर्बीण आणि हुद्द्याप्रमाणे तारे. तो अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

आजीला मी नागमोडी पट्टीचा अर्थ सांगितला. काढून टाकलं नव्हतं आजी, ते आलेच होते लढाईपुरते. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, हे जळगावला आत्याला फोन करून सांग. तिनं सासरी फार ऐकून घेतलंय.

मी लगेच फोन लावला.