सेल्युलर तुरुंगातील दिनक्रम

अंदमान बेटांवरील पोर्ट ब्लेअर येथे १८९६–१९०६ या काळात बांधलेल्या तुरुंगातील बंदिवानांचे दैनंदिन जीवन. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघालेल्या तीन मजली सात शाखा व त्यांत ६९८ एकांत कोठड्या, अशी या तुरुंगाची रचना होती. प्रत्येक शाखेचे तोंड पुढील शाखेच्या पाठीकडे असल्याने समोरच्या कैद्याचा चेहराही दिसत नसे. माणसाला माणसापासून तोडणे हाच या वास्तूचा मूळ हेतू होय.

नारळाची सोडणे कुटून काथ्या काढणे हे नित्याचे काम; सर्वांत धास्तीचे काम कोलूचे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाकाठी ३० पौंड (सु. १३·६ किग्रॅ.) खोबरेल काढावे लागे. काम अपुरे पडल्यास हातकड्या व बेड्यांची शिक्षा होई. देखरेखीचे वॉर्डर व पेटी ऑफिसर कैद्यांतूनच नेमलेले असत. मलमूत्रविसर्जनासही वेळा ठरलेल्या होत्या. रात्री कोठडीत एक लहानसे मडके, एवढीच सोय. घरी पत्र वर्षातून एकदा. श्रमांपेक्षा हा कोंडमाराच अनेकांना अधिक जाचक ठरला. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये आत्महत्या केली. उल्हासकर दत्त यांचा मानसिक तोल गेला. काम नाकारणे व अन्नत्याग ही कैद्यांची प्रतिकाराची साधने होती.

जुलै १९११ मध्ये येथे आलेल्या वि. दा. सावरकरांनी कागद-लेखणीच्या अभावी कोठडीच्या भिंतींवर काव्यपंक्ती कोरल्या व त्या मुखोद्‌गत केल्या. त्यांचे बंधू बाबाराव आधीपासूनच तेथे होते. तथापि दोघांची भेट सहजासहजी होत नसे. डिसेंबर १९१९ च्या राजघोषणेनंतर बारींद्र घोष प्रभृती सुटले. सावरकर बंधू मात्र आतच राहिले. त्यांच्या अर्जांविषयी मार्च १९२० मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रश्न विचारला तो अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांनी. वऱ्हाडातील टिळकपक्षाची ही कामगिरी सावरकरचरित्रांत बहुधा ओझरतीच येते. मे १९२१ मध्ये दोघा बंधूंना भारतात हलविण्यात आले.

१९३२ पासून राजबंद्यांना पुन्हा अंदमानात धाडण्यात येऊ लागले. १९३३ च्या उपोषणात सक्तीने अन्न भरविताना महावीर सिंह, मोहित मोईत्र व मोहनकिशोर नामदास मृत्युमुखी पडले. १९३८ च्या प्रारंभापर्यंत सर्व राजबंदी परत आणले गेले. सातांपैकी तीन शाखा अवशिष्ट असून १९७९ मध्ये त्यांस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला.