राहात्याचा पेरू आणि जागतिक व्यापाराची कोष्टके

पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता हे गाव पेरूच्या बागांसाठी ख्यात आहे. येथील फळास जगाच्या बाजारात कितपत वाव आहे, हे आकड्यांवरून ठरवू पाहणाऱ्या संशोधकाची पहिली गाठ पडते ती आंब्याशी. १ जानेवारी १९८८ रोजी अमलात आलेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ या जकातविषयक वर्गीकरणात पेरू, आंबा व मंगुस्तान या तीन फळांना ०८०४५० हे एकच सहा अंकी शीर्षक आहे. ताज्या व वाळविलेल्या फळांतही तेथे भेद नाही. परिणामी या शीर्षकाखाली भारताच्या नावावर दिसणारी निर्यात मुख्यतः आंब्याची असते. ती पेरूची समजून अनुमाने काढणे म्हणजे हापूसच्या भावाने राहात्याची बाग जोखणे होय.

या एकत्रीकरणास इतिहास आहे. १९१३ साली ब्रुसेल्स येथे व्यापारी आकडेवारीचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात साऱ्या जगाचा माल अवघ्या १८६ बाबींत बसविला होता. संयुक्त राष्ट्रांचे प्रमाण वर्गीकरण १९५० चे. त्याच्या १९७५ च्या दुसऱ्या सुधारणेत तर या फळांच्या पंगतीस ॲव्होकाडोही बसला. वर्गीकरणे अभ्यासकाच्या सोयीसाठी घडत नाहीत. ज्या मालाची उलाढाल मोठी, त्यास स्वतंत्र जागा मिळते, इतरांना दाटीवाटीने बसावे लागते. म्हणून १९६२ पासूनची सलग मालिका जुळवू म्हणणाऱ्याने १९८८ च्या सुमारास शीर्षकाचा आशयच बदलतो, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे.

भारताच्या स्वतःच्या आठ अंकी यादीत पेरूस ०८०४५०१० हे निराळे स्थान आहे. पण सहा अंकांपलीकडचे अंक प्रत्येक देश आपापल्या सोयीने योजतो. त्यामुळे भारताची निर्यात आयातदार देशाच्या नोंदीशी ताडून पाहण्याची नेहमीची रीत येथे बहुधा लंगडी पडते. त्यातही निर्यातीची किंमत जहाजावर माल चढेपर्यंतची, तर आयातीची सामान्यतः विमा व भाडे धरून असते. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च, जागतिक कोष्टकांचे जानेवारी ते डिसेंबर. तेव्हा मासिक आकडे पुन्हा मांडल्यावाचून तुलना करता येत नाही. एखाद्या मध्यस्थ बंदरातून माल पुढे गेला, तर निर्यातदाराच्या दप्तरी एक देश व आयातदाराच्या दप्तरी दुसराच, असेही घडते.

पेरूचा रस व गर यांची वाट आणखी निराळी. रस विसाव्या प्रकरणात ‘इतर फळांचे रस’ अशा संमिश्र सदरात जातो आणि तेथे त्याचे नावही उरत नाही. उलट राहात्याच्या बाजार समितीत फळ आपल्या नावाने येते, परंतु फाटकाबाहेर पडलेला माल मुंबईस राहिला की समुद्रापार गेला, हे आवकेच्या नोंदीवरून कळत नाही. या दोन दप्तरांमधला दुवा व्यापाऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या वह्यांतच शोधावा लागतो.