काळ्या पुठ्ठ्यापासून मोबाइलपर्यंत

अमरावती-अकोल्याची पोरं मोबाइलवर चिखलदऱ्याच्या धुक्यात स्वतःलाच दोनदा उभं करतात, गाविलगडाच्या बुरुजावर अवाढव्य चंद्र टांगतात, भरदुपारचं शेत निळसर, उदास करून टाकतात. मग कुणीतरी म्हणतंच, ‘हा कसला फोटो? पूर्वीचे फोटो खरे असायचे.’ इतिहास मात्र तसं सांगत नाही. इंग्लंडात ऑस्कर रेयलँडरनं 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापलं होतं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘कालियामर्दन’मध्ये (1919) मुलगी मंदाकिनीचा चेहरा पडद्यावर पाहता पाहता कृष्णाचा केला. आणि रोलच्या जमान्यातला डबल रोलचा फोटो? लेन्सची अर्धी बाजू काळ्या पुठ्ठ्यानं झाकायची, माणसाला उघड्या बाजूला बसवून फोटो घ्यायचा, मग रोल न सरकवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावून त्याच माणसाला पलीकडे बसवायचं. कॅमेरा जरा हलला की जोड उघडा पडे. साध्या फोटोतही टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरच्या सुरकुत्या बुजवल्या जात. लग्नाच्या अल्बमात तर मिक्सिंग, म्हणजे एका फोटोत दुसरा मिसळणं, हवंच असायचं, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे खुशीनं मोजायचं.

त्या कामाला हात लागायचा, आता नुसतं बोट फिरवलं की झालं, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. स्नॅपसीड आणि पिक्सआर्ट ही फोटो एडिट करायची दोन्ही ॲप 2011ची. त्यांतले तयार फिल्टर लावून शेकडो फोटो एकसारखे दिसतात, हे खरंच. पण पूर्वी स्टुडिओतल्या एकाच रंगवलेल्या पडद्यापुढे गावंच्या गावं बसली होती, तेही एकसारखंच होतं. बदललं ते वेगळंच. तेव्हा डार्करूमचं दार बंद व्हायचं आणि फोटोतल्या माणसाला जे मिळेल ते घ्यावं लागे. आज दुसरा थर किती गडद ठेवायचा, केसांच्या कडेचं धुकं कुठवर पुसायचं, हे तो स्वतः ठरवतो. माझ्या मते या कलेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा पालट आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशानं खऱ्या फोटोवरचाही विश्वास उडेल. पण 2020च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे खरोखर गुलाबी झालं होतं. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला तो फोटो एडिट केलेलाच वाटेल. नुसत्या नजरेनं खरं-खोटं ठरत नाही. फोटो कुणी, कुठे, कधी काढला हे विचारावंच लागतं. बातमीत जोडकाम लपवणं ही फसवणूकच. चिखलदऱ्याच्या धुक्यात दोनदा उभा राहिलेला पोरगा मात्र कुणालाच फसवत नाही. आपण दोन ठिकाणी नव्हतो, हे तो पाहणाऱ्यापासून लपवतच नाही.