ढलप्यांच्या वाफ्याची कुळकथा

परसात लाकडाच्या ओल्या ढलप्यांचा वीतभर जाड थर पसरायचा, त्यात अळंबीचे स्पॉन, म्हणजे बियाणे, मिसळायचे, पाणी मारत राहायचे आणि काही महिने वाट पाहायची. कृती इतकी साधी, की ही रीत पणजोबांच्याही आधीपासून चालत आली असणार असे कुणालाही वाटावे. पुरावा मात्र तसे म्हणू देत नाही. या वाफ्याचे वय जेमतेम पन्नास-साठ वर्षे आहे. यावर जाणकार लगेच डायोस्कोरिडीसचे नाव घेतील. पॉप्लरच्या सालीचे बारीक तुकडे करून खत घातलेल्या वाफ्यात टाकले की खाण्याजोगी अळंबी उगवतात असे लोक सांगतात, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या या ग्रीक वैद्याने केली आहे. नोंद मोलाची आहे. पण तिच्यात पेरणी कुठेच नाही. साल टाकायची आणि वाऱ्यावर आलेले बीजाणू तिच्यावर रुजण्याची आशा धरायची, एवढेच. चीन-जपानमधली शिताके अळंबीची लागवड जुनी खरी, पण तिथे अख्खे ओंडके वापरत, आणि शतकानुशतके तिथेही भिस्त हवेतल्या बीजाणूंवरच होती. हव्या त्या जातीचे शुद्ध बियाणे 1890 च्या दशकात पॅरिसमध्ये कॉस्तान्तँ आणि मात्रुशो यांनी तयार केले, तेही बटन अळंबीचे. ते बियाणे घोड्याच्या लिदीच्या खतात गेले. लाकडाशी त्याचा संबंध आला नाही.

ढलप्यांच्या वाफ्यात आज बहुतेक ठिकाणी जी अळंबी लावतात ती स्ट्रोफेरिया रुगोसोअ‍ॅन्युलाटा, इंग्रजीत ‘वाइन कॅप’. अमेरिकी शास्त्रज्ञ मरिल यांनी 1922 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. लागवडीत ती आली 1969 साली, पूर्व जर्मनीत, योआखिम प्युशेल यांच्या हातून. आणि आली ती भिजवलेल्या गव्हाच्या काडावर. कंपोस्ट कुजवत बसण्याची गरज नाही, थंड हवेत उघड्यावर चालते आणि माल घरचाच: पोलंड-हंगेरीतल्या बागवाल्यांनी ती उचलून धरली यात नवल नाही. काडाच्या जागी ढलप्या येण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेला द्यावे लागते. तिथे छाटलेल्या फांद्या जागच्या जागी भरडणारी यंत्रे सर्रास झाली, ढलप्यांचे ढीग फुकट मिळू लागले, आणि अळंबीतज्ज्ञ पॉल स्टॅमेट्स यांच्या 1993 च्या पुस्तकाने या वाफ्याची कृती घराघरांत पोचवली.

मग श्रेय माणसाचे की यंत्राचे? माझ्या मते मोठा वाटा खुद्द बुरशीचा. ही जात घनदाट रानापेक्षा बागांच्या कडा, शेताचे बांध आणि आच्छादन घातलेले ताटवे यांतच जास्त सापडते. म्हणजे वाफा आखला जाण्याआधीच ती माणसाच्या कचऱ्यावर येऊन बसली होती. दुसरे असे, की निर्जंतुक मातीत ती नीट फळत नाही. जिवंत मातीतले जिवाणू तिला लागतात. बंद खोलीत जी माती भीतीने बाहेर ठेवतात तीच तिला हवी असते. आपल्याकडची धिंगरी उकळत्या पाण्यातून काढलेल्या काडावर, प्लास्टिकच्या पिशवीत, अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात; तिचे आणि हिचे गोत्रच वेगळे. लाकडात नत्र अत्यल्प असते, तरीही ही बुरशी त्यावर कशी पोसते याचे एक संभाव्य कारण चिनी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले: तिच्या तंतूंवर ताऱ्यासारख्या काटेरी पेशी असतात, त्या बारीक सूत्रकृमींना जखमी करतात आणि मेलेल्या कृमींत मग तंतू शिरतात.

उघड्या वाफ्यावर घेतला जाणारा खरा आक्षेप वेगळाच आहे. जिथे माती उघडी तिथे पाहुणेही येतात. गॅलेरिना मार्जिनाटा ही यकृत निकामी करणारी विषारी अळंबी कुजक्या लाकडावर आणि ढलप्यांवरही उगवते. आपण स्पॉन पेरले म्हणून वर आलेले सगळे आपलेच, हे धरून चालत नाही. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, सांभाळावा लागतो. वाइन कॅपची कोवळी टोपी मद्यासारखी तांबडी, पुढे फिकी पडत जाते. देठावरचे कडे जाड असून त्याची कड दातेरी असते. टोपी कापून पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर वाइन कॅपचे बीजाणू गडद जांभळट-काळे पडतात आणि गॅलेरिनाचे गंजासारखे तपकिरी. वाफ्यातून उचललेले प्रत्येक अळंबे असे एकेक करून पारखावे लागते.