दम नसलेली इंजिनं

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बिघाड सांगत नाही. "मशीनला दम नाही, बघा," एवढंच म्हणतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन बैलगाडीत घालून आणणारा शेतकरी हेच म्हणायचा, लूनावाला मास्तर हेच म्हणायचा, आणि आता खांद्यावर पेट्रोलची करवत टाकून येणारं पोरगंही हेच म्हणतं. पोखर्णीत बसून मी तिन्ही जमान्यांची इंजिनं उघडली. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्याही अधूनमधून दारात उभ्या राहतात, पण पोट भरलं ते या लहान इंजिनांवर.

आमचा परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या आज्याच्या विहिरीवर मोट होती, बैल होते, आणि नाडा तुटला की दिवस वाया जायचा. तिकडं साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1933 साली डिझेल इंजिन तयार झालं होतं. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिनवाल्यानं सरकार चालवलं, ही गोष्ट माझे वस्ताद दर नव्या शिकाऊ पोराला सांगायचे, जणू आपल्याच भावकीतली आहे. पुढं 1946 ला पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. मी पाना धरला तोवर शिवारात इंजिनाचं कुणाला नवल उरलं नव्हतं.

तेव्हा इंजिनं दोन जातीची. एक लिस्टर घाटाचं, मूळ विलायती, पुढं राजकोटच्या कारखान्यांनी तसंच काढलेलं: सहा अश्वशक्ती, दोन्ही बाजूंना मोठाली चाकं, मिनिटाला फक्त 650 फेरे. दुसरं किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं उभं इंजिन: 80 मिलिमीटरचा बोर, 110 चा स्ट्रोक, 1500 फेरे. सावकाश चालणारं गिरणीला, चपळ ते विहिरीला. गिरणीवाले धुराच्या नळीच्या तोंडावर पत्र्याचा डबा नाहीतर झाकण बसवायचे. त्यानं पुक-पुक असा आवाज निघायचा, आणि दळण घेऊन बसलेल्या बायांना घरात कळायचं की गिरणी सुरू झाली. सायलेन्सरमध्ये केलेला फेरफार मी पहिल्यांदा पाहिला तो हा. ताकद त्यानं तीळभर वाढली नाही, गिऱ्हाईक मात्र वाढलं. इतका प्रामाणिक फेरफार मी नंतर पाहिला नाही.

विहिरीवरच्या मंडळींचं वेगळं. पाणी कमी पडतंय असं वाटलं की गव्हर्नरच्या स्प्रिंगला ताण द्यायचा. पंधराशेचे अठराशे फेरे व्हायचे, डिलिव्हरीची धार जाड दिसायची, मालक खूश. पण पंपाचं गणित सरळ चालत नाही. वेग पाचव्या हिश्शानं वाढवला की पंपाला लागणारी ताकद पावणेदोन पटीच्या आसपास जाते. पाच अश्वशक्तीचं इंजिन ती आणणार कुठून? मग काळा धूर ओकायचं, डिझेल प्यायचं आणि दोन हंगामांत रिंगा बसायच्या. वस्ताद असं इंजिन आलं की आधी धूर बघायचे. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल वर चढतंय, पांढरा असेल तर डिझेल नीट पेटत नाही. नोझल काढून फवारा धुक्यासारखा सुटतो की थेंब गळतात ते बघायचे. व्हॉल्व्ह घासून बसवायचे, लायनीतली हवा काढायचे, टॅपेटचं अंतर धरायचे. आणि शेवटी गव्हर्नरची स्प्रिंग ढिली करायचे. तेच इंजिन त्याच पट्ट्यावर पहिल्यासारखं ओढायला लागायचं.

परळीला औष्णिक केंद्र उभं राहिलं, शिवारात विजेच्या मोटारी आल्या. भारनियमन होतं म्हणून ऑइल इंजिनं आणखी काही वर्षं टिकली, नाहीतर आधीच भंगारात गेली असती. तोवर आमच्या दुकानात लूना शिरली होती. कायनेटिकनं 1972 ला काढलेली ही 50 सीसीची गाडी टू-स्ट्रोक. चेतक स्कूटरही त्याच काळातली, त्याच जातीची. ऑइल इंजिनावर तयार झालेल्या हाताला हे नवंच होतं. व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलची टाकी नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पिस्टन वर-खाली होताना बोरला पाडलेली भोकं उघडतो आणि झाकतो, एवढ्यावर सगळा कारभार.

आणि इथं सायलेन्सर म्हणजे नुसती धुराची नळी नव्हे. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जाताना ताजं पेट्रोलही त्याच्या मागं निसटू पाहतं. सायलेन्सरचा आकार त्याला थोडं अडवून धरतो. कॉलेजची पोरं आतली नळी काढून टाकायची. आवाज फाटायचा, गाडी चढावर मात्र आधीपेक्षा मागं पडायची. खरा इलाज होता काजळी जाळणं. सायलेन्सर उतरवून पऱ्हाट्यांच्या जाळात टाकायचा, लाल झाला की बाहेर काढून ठोकायचा. ओंजळभर कोळसा पडायचा आणि लूना पळायची. पुढं धुराचे नियम कडक होत गेले, फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि पऱ्हाट्यांचा जाळ विझला. ही विद्या आता आपल्याबरोबरच जाणार, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात करवती आल्या. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी 1926 ला विजेवरची आणि 1929 ला पेट्रोलवरची करवत काढली. ती इतकी जड की उचलायला दोन माणसं लागत. आमच्या शिवारात ती पोचायला पुढची सगळी पिढी गेली, आणि पोचली तीही बहुतेक 58 सीसीची चिनी नक्कल म्हणून. पूर्वी बाभळीचं खोड दोघं जण समोरासमोर बसून करवतीनं कापायचे, कारण बाभळीशिवाय गाडी नाही आणि आऊत नाही. आता ट्रॅक्टर आहे. बाभूळ आडवी होते ती बहुधा जळणासाठी नाहीतर बांध मोकळा करायला. (आंबा, चिंच, साग असेल तर 1964 च्या कायद्यानं परवानगी लागते. करवत हातात आली म्हणून ती सुटत नाही, पण हे सांगणाऱ्या मेकॅनिककडं लोक विचित्र नजरेनं बघतात.)

लिस्टरमध्ये मिनिटाला सव्वातीनशे स्फोट व्हायचे, या हातभर यंत्रात दहा-बारा हजार होतात. जात लूनाचीच, फक्त उतावळी. म्हणून करवत आली की मी आधी इंजिन बघतच नाही, भुसा बघतो. पिठासारखा पडत असेल तर साखळी बोथट आहे, आणि पोरगं इंजिनाला शिव्या देतंय. गोल कानशीनं प्रत्येक दात सारख्या कोनात, सारख्या लांबीचा घासला की भुशाच्या जागी छिलके पडतात. मग हवेची जाळी. मग सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी, जी काजळीनं बुजते. मग कारबोरेटरचा पातळ पडदा. त्याच पडद्यामुळं करवत आडवी-उलटी धरली तरी पेट्रोल पोचतं. तो कडक झाला की रेस दिली तरी इंजिन उचल खात नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवलेल्या करवती याच रोगानं येतात.

आणि गव्हर्नरच्या स्प्रिंगची गोष्ट इथंही सुटलेली नाही. पोरं मोबाइलवर बघून येतात: सायलेन्सरला मोठं भोक पाडा, धुराचं पोर्ट घासून वाढवा, बोरखालचं पॅकिंग काढून दाब वाढवा, मोठ्या रेसचा स्क्रू आत फिरवा. यातलं खोटं काहीच नाही. पोर्ट नीट घासलं तर वरच्या फेऱ्यांत ताकद वाढते. पण भोक वाढवलं की पेट्रोलही वाढवावं लागतं. पॅकिंग काढायचं तर पिस्टन आणि डोक्यामधली जागा मोजावी लागते, नाहीतर पिस्टन वर ठोकतो. स्क्रू आत फिरवला की इंजिन किंचाळतं, ते ऐकून पोरगं खूश होतं. त्या वेळी पेट्रोल कमी पडत असतं, आणि त्यातूनच येणारं ऑइलही. एक दुपार बाभळीत घातली की पिस्टनवर धुराच्या बाजूनं उभे ओरखडे येतात. असे पिस्टन माझ्या फळीवर रांगेत ठेवलेत, मागणाऱ्याला आधी ते दाखवतो. तरी काही जण म्हणतात, "काका, आपलं तुम्ही करा." करतो. पण साखळी घासल्यावर, जाळ्या साफ केल्यावर. तेवढ्यानंच काम भागलं तर बोर उघडायचं राहून जातं.

अडचण पैशाची. बोर काढून टेबलावर ठेवला की गिऱ्हाईक मुकाट पैसे देतं, जाळी साफ करून दिली तर म्हणतं, "एवढ्याचे पैसे?" वस्तादांपुढंही हाच पेच होता. नोझलमधला कचरा काढायचा असला की ते मालकाला चहा प्यायला पाठवायचे आणि तो परत येईस्तोवर तीन-चार पाने, पेचकस आणि रॉकेलचं घमेलं इंजिनाभोवती पसरून ठेवायचे. माझ्या दुकानासमोर चहाचं हॉटेल आहे, आणि घमेलं मी अजून ठेवलंय.