हातकागदाचे शुभेच्छापत्र आणि कापणी यंत्र

कात्री, पट्टी, कटर आणि डिंक एवढ्याच साधनांवर घरोघरी तयार होणाऱ्या शुभेच्छापत्राच्या कामात गेल्या दोन दशकांत एका नव्या साधनाची भर पडली. संगणकावर काढलेली नक्षी बारीक पात्याने कागदातून कापून देणारे विजेवरचे छोटे यंत्र आता हौशी कारागिरांच्या टेबलावर आले आहे. नाजूक जाळी, वळणदार अक्षरे, एकाच मापाचे अनेक आकार हे यंत्र न थकता कापते. मात्र त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. कापणी यंत्राने केली, तर त्या पत्राला 'हस्तनिर्मित' म्हणावे काय?

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचे मोठे काम वर्ध्यातच झाले आणि यंत्र कोणते स्वीकारावे, कोणते नाकारावे, याचा विचारही येथेच झाला. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे नगर तान्हा पोळ्याच्या मोठ्या लाकडी नंदींसाठी ओळखले जाते. हा नंदी नमुना म्हणून घेतला, तर शुभेच्छापत्राची संपूर्ण कृती आणि तिच्यातील अडचणी चांगल्या समजतात.

यंत्र चालते कसे?

छपाई यंत्रात शाईच्या जागी पाते बसविले आहे, अशी या यंत्राची ढोबळ कल्पना करता येईल. एक मोटर कागद पुढे-मागे सरकवते, दुसरी मोटर पाते डावीकडे-उजवीकडे नेते. या दोन हालचालींच्या मेळातून कोणतीही वक्र रेषा कापता येते. पाते खाली दाबण्याची आणि वर उचलण्याची व्यवस्था स्वतंत्र असते. सुटा कागद हलू नये म्हणून तो चिकट मॅटवर बसवितात. घरगुती यंत्रांत बारा इंच लांबी-रुंदीची मॅट सर्रास वापरली जाते.

पात्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचे टोक मध्य अक्षापासून किंचित, साधारणतः पाव मिलिमीटर, बाजूला असते. सामान वाहण्याच्या ट्रॉलीचे चाक ओढले जाईल त्या दिशेला जसे वळते, तसे हे पातेही आपोआप वळते. हे अंतर यंत्राला अचूक कळविलेले नसेल, तर कोपरे गोल होतात किंवा तेथे कागद फाटतो.

छायाचित्र जसेच्या तसे या यंत्राला चालत नाही. त्याला बाह्यरेषा लागते. अशी रेषा गणिती वळणांच्या रूपात साठविणारा एसव्हीजी हा मुक्त प्रकार २००१ मध्ये प्रमाणित झाला. इंकस्केपसारख्या विनामूल्य प्रणालीत अशी नक्षी काढता येते.

फलकापासून हस्तकलेपर्यंत

संगणकावर चालणारी कापणी यंत्रे १९८० च्या दशकात प्रथम फलक तयार करणाऱ्यांच्या व्यवसायात रुळली. आपल्याकडील लहान-मोठ्या गावांत वाहनांचे क्रमांक, दुकानांची नावे आणि देवादिकांची चित्रे चकाकत्या चिकटपट्टीतून कापून देणारी 'रेडियमची दुकाने' त्याच तंत्रावर चालतात. त्यामुळे हे तंत्र परके वाटत असले, तरी बाजारपेठेच्या गावाला ते पूर्वीपासून ठाऊक आहे.

हस्तकलेसाठीचे छोटे यंत्र त्यानंतर आले. अमेरिकेच्या युटा राज्यातील प्रोव्हो क्राफ्ट या कंपनीचे 'क्रिकट' २००६ मध्ये बाजारात आले. सुरुवातीच्या यंत्रात आकारांचा संच असलेली डबी घालावी लागे. संचात असेल तेच कापता येई. पुढे संगणकाची जोड मिळाली आणि स्वतःची नक्षी कापणे सोपे झाले. ब्रदर कंपनीने २०१३ मध्ये 'स्कॅनएनकट' हे यंत्र आणले. हाताने कागदावर काढलेले चित्र ते स्वतःच टिपून घेते आणि कापते. संगणकाची सवय नसलेल्या चित्रकाराला ही सोय विशेष उपयोगी आहे.

वर्ध्याचा हातकागद

महाराष्ट्रात हाताने कागद करण्याची परंपरा जुनी आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही तिची नामवंत केंद्रे. गिरणीच्या कागदाने हा धंदा मागे पडला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाचे अध्यक्षपद कृष्णदास जाजू यांच्याकडे, तर चिटणीसपद जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत संघाचे काम सुरू झाले आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, मधमाशीपालन यांच्या बरोबरीने हातकागद हा संघाच्या कामाचा एक भाग होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली, तीही याच चळवळीतून.

येथे नावाचा घोटाळा टाळला पाहिजे. मीराबेन यांनी १९३५ च्या सुमारास ज्या सिंदी गावात स्वच्छतेचे काम केले, ते मगनवाडीजवळचे गाव होय. आज ते सिंदी (मेघे) म्हणून ओळखले जाते. रेल्वे स्थानकाची सिंदी निराळी. दोन्ही नावांपुढील कंस याच कारणाने उपयोगी पडतो.

हातकागदासाठी सुती चिंध्या व कापडाचे तुकडे बारीक करून त्यांचा लगदा केला जातो. तो पाण्याच्या हौदात मिसळून जाळीच्या साच्यावर एकेक ताव उचलतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. शेवटी पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी ताव दाबले किंवा घोटले जातात. सुताचे तंतू लांब असल्याने हा कागद घडीवर सहसा तुटत नाही. शुभेच्छापत्राला हा गुण हवाच असतो. पण तेच लांब तंतू यंत्राच्या पात्याला मात्र अडवितात.

देवनागरीचे गणित

इंग्रजी अक्षरे कापली की एकेक सुटी पडतात. देवनागरीत शिरोरेषा संपूर्ण शब्द धरून ठेवते आणि तो तोरणासारखा एकसंध निघतो. हा मोठा फायदा आहे. मात्र संगणकातील प्रत्येक अक्षराची स्वतंत्र बाह्यरेषा शेजारच्या अक्षरात थोडी शिरलेली असते. तशीच नक्षी यंत्राला दिली, तर शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर कापली जाते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्यासाठी मजकुराचे आधी बाह्यरेषेत रूपांतर करून सर्व आकार एकमेकांत विलीन करावे लागतात. देवनागरीत काम करणाऱ्याने ही पायरी कधीही वगळू नये.

दुसरी अडचण अनुस्वाराची. 'अभिनंदन' किंवा 'संक्रांत' हे शब्द कापले की वरचे टिंब सुटून हरवते. टिंब किंचित खाली ओढून शिरोरेषेला चिकटवावे किंवा ते वेगळे कापून नंतर हाताने डकवावे. 'ग', 'ण', 'श' यांसारख्या अक्षरांत उभा दंड केवळ शिरोरेषेच्या आधाराने उरलेल्या अक्षराला जोडलेला असतो. तेथे शिरोरेषा बारीक असेल, तर अक्षर लोंबते. म्हणून सुलेखनाची नाजूक वळणे सोडून जाड, ठसठशीत वळण निवडणे हिताचे ठरते.

अक्षरे कापून त्यांची पोकळी दाखवायची असेल, तर उलटा प्रश्न येतो. 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातील कागद गळून पडतो आणि अक्षर ओळखू येत नाही. त्या पोटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा लहानसा पूल नक्षीतच ठेवावा लागतो. रंगकामाचे छाप तयार करणारे कारागीर हेच करतात.

तान्हा पोळ्याचे पत्र

श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा, अशी विदर्भाची रीत आहे. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांच्या काळात ही प्रथा सुरू झाल्याचे सांगितले जाते. मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो. या दिवसासाठी पायांवर उभे राहणारे नंदीचे पत्र पुढीलप्रमाणे तयार करता येते.

२०० ते २५० ग्रॅम वजनाचा, शक्य तितका गुळगुळीत हातकागद घ्यावा. नंदीचे एका बाजूने दिसणारे चित्र काढून त्याची आरशातील प्रतिमा पाठीच्या रेषेला जोडावी. पाठ हीच पत्राची घडी. येथे वशिंडाकडे लक्ष द्यावे. ते पाठीच्या वर येत असल्याने त्याची कड घडीच्या पलीकडे कापावी आणि खालची बाजू एका अंगाला जोडलेली ठेवावी. कागद दुमडला की वशिंड आपोआप उभे राहते. शिंगेही याच पद्धतीने उभी करता येतात. घडीची रेघ अखंड कापू नये. तुटक रेघ कापावी किंवा यंत्राला घडी पाडण्याचे बोथट टोक बसवावे.

झूल वेगळ्या रंगाच्या कागदाची कापावी. तिच्या जाळीतील पट्ट्या हातकागदात दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवल्यास त्या उचलताना तुटतात. बाशिंग, गळ्यातील माळ, चाके हे भाग सुटे कापून डकवावेत. झुलीच्या खाली चिकटवलेल्या कागदाच्या जाड ठिकऱ्यांमुळे उठाव येतो. मजकुरासाठी आतली बाजू मोकळी सोडावी. तो हाताने लिहिलेलाच शोभतो.

लिफाफा आधी ठरवावा आणि पत्राचे माप नंतर. ए-४ कागदाची एक घडी केल्यास १४८ बाय २१० मिलिमीटरचे पत्र होते, त्याला सी-५ लिफाफा लागतो. त्याच्या निम्म्या आकाराचे पत्र सी-६ लिफाफ्यात बसते. टपालाचे दर वजनाच्या टप्प्याने वाढतात, त्यामुळे उठावाचे पत्र पाठविण्यापूर्वी लिफाफ्यासह तोलून पाहावे.

कागद, मॅट आणि पावसाळा

हातकागदाची जाडी एकाच तावात कमी-जास्त असते. म्हणून प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात लहान चौकोन कापून चाचणी घ्यावी. एका दाबात कापण्याचा हट्ट न धरता कमी दाबाने, मंद गतीने दोनदा पाते फिरविल्यास कड स्वच्छ येते. पात्याच्या घरात साचणारा सुताचा कापूस वारंवार काढावा. तंतू कापले न जाता ओढले जाऊ लागले, की पाते बोथट झाले असे समजावे.

नव्या मॅटची चिकट पकड हातकागदाचा पापुद्रा उचलते. स्वच्छ सुती कापड दोन-चार वेळा दाबून ती पकड आधी कमी करावी. कापून झाल्यावर कागद ओढू नये. मॅट पालथी करून तीच मागे वाकवावी. कागद सपाट राहतो आणि नक्षी सुटून येते.

तान्हा पोळा भर पावसाळ्यात येतो. दमट हवेत हातकागद ओल शोषून फुगतो व त्याच्या कडा वळतात, त्यामुळे पाते कुठे खोल तर कुठे उथळ जाते. ताव दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवावेत आणि लागतील तेवढेच बाहेर काढावेत. रेडियमच्या दुकानातील यंत्रावर हे काम करून घ्यायचे असल्यास कागद चिकट आधारपत्रावर बसवून न्यावा, कारण ते यंत्र पाठीला आधार असलेल्या गुंडाळीसाठी बनलेले असते.

हस्तनिर्मित कशाला म्हणावे?

यंत्र म्हणून यंत्राला गांधीजींचा विरोध नव्हता. 'यंग इंडिया'च्या १३ नोव्हेंबर १९२४ च्या अंकात प्रसिद्ध झालेल्या संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद आवर्जून मान्य केला. चरखा हेही यंत्रच, हे ते सांगत. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी बोलक्या होत्या. यंत्र झोपडीत चालावे, स्त्रीला ते आठ तास चालविता यावे, त्याची किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि ते वीस वर्षे टिकावे. ते कोणाच्या ताब्यात राहील आणि किती काळ उपयोगी पडेल, याला त्या अटींत महत्त्व होते.

या कसोटीवर आजचे कापणी यंत्र तपासले, तर दुबळी बाजू पात्यात नव्हे, प्रणालीत दिसते. क्रिकटने जुलै २०१८ मध्ये आपली 'क्राफ्ट रूम' ही प्रणाली बंद केली. केवळ तिच्यावर अवलंबून असलेले 'क्रिकट मिनी' हे यंत्र सुस्थितीत असूनही निकामी ठरले. मार्च २०२१ मध्ये याच कंपनीने विनाशुल्क ग्राहकांना महिन्याला वीसच नक्षी चढविता येतील, असा बदल जाहीर केला. जगभरातील ग्राहकांच्या रोषानंतर तो मागे घेण्यात आला. विकत घेतलेले साधन दूरच्या निर्णयाने अडू शकते, हे या दोन प्रसंगांनी दाखवून दिले. यंत्र घेताना ते इंटरनेटशिवाय चालते काय, एसव्हीजी नक्षी स्वीकारते काय, दुसऱ्या प्रणालीतून चालविता येते काय आणि पाती जवळच्या शहरात मिळतात काय, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. बचत गटाने सामाईक यंत्र घेताना तर ही चौकशी किमतीइतकीच मोलाची आहे.

कापणी यंत्राकडे गेली, तरी चित्र काढणे, कागद पारखणे, घडी बसविणे, सुटे भाग डकविणे आणि मजकूर लिहिणे हे हाताचेच काम राहते. पत्राला लागणारा बराचसा वेळही त्यातच जातो. तयार आकारांचा संच विकत घेऊन, गिरणीच्या कागदावर कापून, छापील मजकूर चिकटवला, तर हाताला फारसे काम उरत नाही. अशा पत्रावर 'हस्तनिर्मित' असा शिक्का मारणे ग्राहकाची दिशाभूल ठरेल. कागद कोणता, नक्षी कोणाची, कापणी कशाने आणि जोडणी कशी, या चार गोष्टी पत्राच्या पाठीवर दोन ओळींत लिहिता येतात. विक्रीसाठी पत्रे करणाऱ्यांनी ही प्रथा पाडल्यास हाताने केलेल्या कामाचे योग्य मोल मागता येईल आणि यंत्राचा वापर लपविण्याची गरजही उरणार नाही.